फायटरचे थवे आणि मनोधैर्याचा फासा: आमच्या खेळाचा तोल कुठे जातोय?

मिरज_रोड:

मंडळी, नमस्कार. प्रश्न लांबणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळायची नाही.

आम्ही चौघं सांगलीत रविवारी दुपारी अवकाशनौकांच्या लढाईचा टेबलावरचा खेळ खेळतो. माझं औषधांचं दुकान आहे, रविवारी दुपारी बंद असतं. वर माडीवर सहा बाय चार फुटांचं प्लाय टाकलंय, त्यावर काळं कापड. नियम मुळात 'फुल थ्रस्ट'चे, पण गेल्या पाच वर्षांत आम्ही त्यांना इतकी ठिगळं लावली आहेत की आता ते आमचेच घरचे नियम म्हणायचे. तेव्हा खाली जे बिघडलंय ते आमच्या ठिगळांमुळे, मूळ खेळाचा त्यात दोष धरू नका.

फायटरच्या स्क्वॉड्रनसाठी कॅरमच्या सोंगट्या वापरतो. एक सोंगटी म्हणजे सहा फायटर. सोंगटीवर छोटा फासा ठेवायचा, किती उरले ते तो दाखवतो. हल्ला करताना प्रत्येक फायटरमागे एक फासा: १ ते ३ ला काही नाही, ४ आणि ५ ला एक नुकसान, ६ ला दोन. नौकेवरच्या संरक्षक तोफांनाही तोच हिशेब. एका तोफेचा एका चालीत एक फासा, ४-५ ला एक फायटर पडतो, ६ ला दोन. तोफा आधी चालतात, उरलेले फायटर मग हल्ला करतात.

आमच्यातला एकजण माझा शाळेपासूनचा मित्र. त्याने तीन महिने खपून एक बॅटलशिप बनवली. पीव्हीसी पाइपचे तुकडे, जुन्या मिक्सरचं झाकण, आणि तोफांच्या नळ्यांसाठी मी दिलेल्या सिरिंजच्या टोप्या. वर दोन हात राखाडी रंग. चाळीस चौकोनांचा सांगाडा (एका नुकसानाला एक चौकोन खोडायचा), चार संरक्षक तोफा. टेबलावर ठेवली तेव्हा आम्ही सगळे नुसते बघत बसलो होतो.

माझा भाचा अकरावीत आहे. त्याने तेवढ्याच गुणांत (ताफा गुण मोजून विकत घ्यायचा असतो) तीन वाहक नौका आणि सहा स्क्वॉड्रन आणल्या. सहाही सोंगट्या एकदम बॅटलशिपवर. दुसऱ्या हल्ल्यात नौका संपली. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारी तेच. मित्राने दोन तोफा वाढवल्या, फरक पडला नाही. त्यानंतर तो "तुम्ही खेळा, मी बघतो" म्हणाला आणि आता दोन रविवार आलेलाच नाही.

मला वाटलं फायटरना आवर घालायला मनोधैर्याचा नियम आणावा. अशा खेळांत तो जुनाच आहे: तोफांचा मारा सोसून झाला की हल्ल्याआधी एक फासा टाकायचा. उरलेल्या फायटरांच्या संख्येइतका किंवा कमी आला तर हल्ला होतो, जास्त आला तर स्क्वॉड्रन माघारी वळते. सहाच्या सहा असतील तर प्रश्नच नाही, तीन उरले तर निम्मी शक्यता.

झालं उलटंच. भाच्याचं काही बिघडलं नाही. माझी एकुलती एक स्क्वॉड्रन मात्र दर वेळी वळून पळते.

काय करू? फायटरचे गुण वाढवू, तोफा वाढवू, की मनोधैर्याचा नियम आणखी कडक करू?

ठाणे_सांख्यिकी:

दादा, मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. तुमचे आकडे वाचले आणि हातातलं पेपर तपासणं बाजूला ठेवलं, कारण यात एक फार सुंदर गोष्ट लपली आहे. मनोधैर्याचा नियम कडक तर करूच नका. तुमच्या खेळात तो नियमच थव्याच्या बाजूने आहे.

आधी मनोधैर्य सोडून बघू. एका फाशाची सरासरी दोन तृतीयांश, तोफेची आणि फायटरची सारखीच. चार तोफा चालीला सरासरी २.७ फायटर पाडतात.

एकच स्क्वॉड्रन आली तर सहातले ३.३ उरतात, नुकसान २.२.
सहा आल्या तर छत्तीसमधले ३३.३ उरतात, नुकसान २२.२.

सहापट फायटर, दहापट नुकसान. चाळीस चौकोन दुसऱ्या हल्ल्यात का संपतात ते इथेच दिसतं. आता तोफा दुप्पट करा, आठ. एकट्या स्क्वॉड्रनचं नुकसान एकाच्याही खाली येतं, म्हणजे ती पाठवायलाच नको. पण सहांच्या थव्याचं नुकसान २२ वरून जेमतेम २० वर येतं. तुमच्या मित्राने तोफा वाढवल्या त्या तुमच्याविरुद्ध, भाच्याविरुद्ध नाही! कारण तोफा किती फायटर पाडणार ते ठरलेलं आहे, मग समोर सहा येवोत की छत्तीस. एकवटलेल्या संख्येचं बळ नुसत्या बेरजेने वाढत नाही, हे फ्रेडरिक लँचेस्टर या ब्रिटिश अभियंत्याने १९१६ मध्येच गणितात मांडलं होतं, आणि तेही विमानांचाच विचार करताना.

आता मनोधैर्य. उरलेले फायटर 'न' असतील तर हल्ला होण्याची शक्यता सहात 'न'. म्हणजे त्या स्क्वॉड्रनची खरी किंमत 'न' राहत नाही, 'न'चा वर्ग भागिले सहा होते. सहाचे सहाच राहतात, पण चारचे २.७ होतात, तीनचे दीड, दोनचे ०.७. थोडी झीज झाली तरी किंमत धाडकन उतरते.

तुमच्या एकट्या स्क्वॉड्रनवर चारही तोफा पडतात. तिचे ३.३ फायटर मनोधैर्यानंतर २.२ च्या किमतीचे उरतात, एक तृतीयांश गेले. भाच्याच्या सहांपैकी चारांवर एकेक तोफ पडते, दोन तर अस्पर्श राहतात. त्याचे ३३.३ फायटर ३१.३ होतात. फक्त सहा टक्के! नियम तुम्ही थव्याला आवरायला आणला आणि त्याने एकट्यालाच सहापट जास्त मारलं.

माझा उपाय तोफांच्या बाजूने आहे. प्रत्येक तोफेला अंगावर येणाऱ्या प्रत्येक स्क्वॉड्रनवर एक फासा द्या. पहिलीवर नेहमीसारखा. त्यानंतरच्यांवर तोफेचं लक्ष विभागलेलं, म्हणून ५ किंवा ६ लाच आणि एकच फायटर पडेल. आता चार तोफांसमोर सहांचं नुकसान २२ वरून १८ च्या खाली येतं, आठ तोफांसमोर बाराच्या आसपास. एकट्या स्क्वॉड्रनचं काहीच बदलत नाही. तोफ विकत घेण्याला पुन्हा अर्थ येतो.

सहा_चे_सहा:

मामा, मी इथे आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं ना. मी काही चुकीचं केलं नाही, नियमात बसेल तेच केलं. मला पण सारखं एकाच पद्धतीने जिंकायला आवडत नाही, पण दुसरं काही केलं की हरतो. काकांच्या बॅटलशिपचं मला खरंच वाईट वाटलं. त्यांना सांगा, या.

कोथरूड_हेक्स:

आमच्या गटात आम्ही चढते गुण लावले. पहिली स्क्वॉड्रन ४० ला, दुसरी ५०, तिसरी ६०. चौथीपासून परवडतच नाही. गणित नको, काही नको. मनोधैर्याचा फासा मात्र काढू नका, दोन उरलेल्या फायटरनी दोन टाकून हल्ला नेला की अख्खी खोली ओरडते. त्या आरोळीसाठी तर आपण खेळतो.

ठाणे_सांख्यिकी:

चढते गुण एकास एक डावात चालतात, मान्य. पण दोघं विरुद्ध दोघं खेळले की दोन साथीदार तीन-तीन स्वस्त स्क्वॉड्रन घेतात आणि टेबलावर पुन्हा सहाच येतात. दादांच्या घरी चौघं असतात. आरोळीबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे, तिला कुठेतरी जागा हवी.

डेकवरचा_माणूस:

वरचं गणित मला पटलं, पण मला वेगळं सांगायचं आहे. मनोधैर्य तुम्ही चुकीच्या जागी तपासताय.

मी नौदलात होतो, विराट या विमानवाहू नौकेच्या डेकवर सात वर्षं काढली. प्रत्यक्ष युद्ध मी पाहिलं नाही, पण विमानं उडवणं, उतरवणं, पुन्हा उडवणं यातच माझी उमेदीची वर्षं गेली. आणि समुद्रावरच्या हवाई लढायांबद्दल जे मिळेल ते वाचत आलो.

हल्ल्याच्या रेषेवर आलेलं पथक नुकसान बघून वळतं, असं मला इतिहासात फारसं सापडत नाही. पॅसिफिकमधल्या मिडवेच्या लढाईत, अमेरिका विरुद्ध जपान, ४ जून १९४२ रोजी हॉर्नेट या अमेरिकी विमानवाहू नौकेवरून निघालेल्या टॉर्पेडो स्क्वॉड्रन ८ च्या पंधरा डेव्हास्टेटर विमानांना सोबत लढाऊ विमानं नव्हती. पंधराही पडली. तीस माणसांतला एक वाचला, जॉर्ज गे. तुमच्या नियमाने ती स्क्वॉड्रन निम्मी झाली तेव्हाच वळायला हवी होती. ती वळली नाही.

दुसरं उदाहरण घ्या. १४ ऑक्टोबर १९४३ ला जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट शहरावर अमेरिकेची २९१ बी-१७ बॉम्बफेकी विमानं पाठवली गेली, त्यातली ६० परत आली नाहीत. बॉम्ब मात्र पडले. थांबलं ते नंतर: सोबतीच्या लढाऊ विमानांशिवाय जर्मनीत इतकं खोल जाणंच पुढचे काही महिने बंद झालं. म्हणजे झीज हवेत असताना बोलत नाही, ती जमिनीवर परतल्यावर बोलते. मेसमध्ये रिकाम्या खुर्च्या दिसतात, तेव्हा.

म्हणून तोच फासा उचला आणि वाहक नौकेवर न्या. स्क्वॉड्रनने दोन हल्ले केले की उतरायलाच हवं. दोन चाली डेकवर. मग पुन्हा उडताना मनोधैर्याचा फासा: उरलेल्या संख्येइतका किंवा कमी आला तर उडाली, नाही तर आणखी एक चाल थांबायचं. आरोळी तिथेही येईल, काळजी नको.

डेकवरच्या त्या दोन चाली कमी लेखू नका. नवख्याला वाटतं विमान उतरलं, पेट्रोल भरलं, गेलं. विमान, इंधन, हत्यार आणि वैमानिक हे चारही एकाच वेळी तयार लागतात, आणि ते तयार होत असताना डेकवर दुसरंच कुणीतरी उतरत असतं. दुसऱ्या महायुद्धातल्या सरळ डेकवर तर उडणं आणि उतरणं एकाच पट्टीवरून, एकाच वेळी दोन्ही होत नसे. मिडवेलाच जपानी अ‍ॅडमिरल नागुमोने सकाळी राखीव विमानांवरचे टॉर्पेडो काढून जमिनीवर टाकायचे बॉम्ब चढवायला सांगितले, अर्ध्या तासात तो हुकूम थांबवला, मधल्या वेळात संरक्षणाची विमानं सारखी उतरत-उडत राहिली. हल्ल्याची विमानं उडण्यासाठी डेकवर मांडलीच गेली नाहीत. अमेरिकी डाइव्ह बॉम्बर आले तेव्हा भरलेली, इंधन घेतलेली विमानं खाली हँगरमध्ये होती, आणि अकागी, कागा, सोर्यू या त्याच्या तीन विमानवाहू नौका काही मिनिटांत पेटल्या. तुमच्या खेळात डेकवर स्क्वॉड्रन असताना वाहक नौकेला लागलेला प्रत्येक मारा दुप्पट धरा. भाचेबुवांना सहाही सोंगट्या एकदम उतरवताना विचार करावा लागेल.

एक शेवटचं. मनोधैर्य फक्त हल्ला करणाऱ्याचं नसतं. २५ ऑक्टोबर १९४४ ला फिलिपिन्समधल्या सामार बेटाजवळ अमेरिकेच्या सहा छोट्या विमानवाहू नौका आणि त्यांच्या सोबतीच्या विनाशिका जपानी अ‍ॅडमिरल कुरिताच्या चार बॅटलशिपसमोर सापडल्या, त्यात अवाढव्य यामातो होती. अमेरिकी वैमानिकांचे बॉम्ब, गोळ्या संपल्या तरी ते रिकाम्या विमानांनी पुन्हा पुन्हा झेपावत राहिले. वरून येणारं विमान रिकामं आहे हे खालच्याला कसं कळणार? जपानी नौका वळत राहिल्या, रांग विस्कटली. यामातो तर टॉर्पेडो चुकवायला वळली आणि दोन्ही बाजूंनी टॉर्पेडोंच्या मध्ये अडकून लढाईपासून लांब गेली. शेवटी कुरिता परत फिरला. तेव्हा दारूगोळा संपलेल्या स्क्वॉड्रनला रिकामा हल्ला करू द्या. नुकसान शून्य, पण नौकेने एक तर दिशा बदलायची, नाही तर त्या चालीत तिच्या मोठ्या तोफांचा एक फासा कमी.

वरवडे_खाडी:

मी रत्नागिरीकडचा, मला यात आंग्र्यांचं आरमार दिसलं. कान्होजींच्या वेळचं एकेक इंग्रजी जहाज तोफांनी भरलेलं, आणि समोर आपली गुराबं, म्हणजे शिडांच्या लढाऊ नौका, आणि वल्ह्यांची गलबतं. तोफेला तोफ लावली असती तर निभाव नव्हता. म्हणून ती पिछाडीने यायची. जहाजाच्या दोन्ही कुशींना तोफांच्या रांगा, मागे जेमतेम दोन-चार. वारा पडला की गलबतं वल्हवत गुराबांना ओढून बरोबर त्या जागी आणायची, शिडं आणि डोलकाठ्या तोडायची, आणि जहाज जागेवर बसलं की माणसं चढायची.

तर तुमच्या नौकेला चार बाजू करा: नाळ म्हणजे पुढचं टोक, पिछाडी, दोन कुशी. एका चालीत एका बाजूने एकच स्क्वॉड्रन. पिछाडीने आली तर निम्म्याच तोफा तिच्यावर चालतील. मग सहा सोंगट्या एकदम चिकटवता येणार नाहीत, आणि पिछाडीची जागा मिळवायला वळसा घालून एक चाल खर्च करावी लागेल. लहानाने मोठ्याला मारणं यात राहतं, आणि ते राहायलाच हवं. १९४१ च्या मे महिन्यात बिस्मार्क या जर्मन बॅटलशिपला ब्रिटिशांच्या पंधरा स्वोर्डफिश विमानांनी गाठलं, कापडी आवरणाची दुपंखी विमानं ती. एक टॉर्पेडो मागे लागला, सुकाणू अडकलं आणि दुसऱ्या दिवशी ती बुडाली. खेळात फायटर इतके दुबळे करू नका की असं कधी घडणारच नाही.

मिरज_रोड:

मंडळी, रविवार झाला. तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिला, तर काय झालं ते नीट लिहितो.

शनिवारी रात्री मित्राच्या घरी गेलो, हा सगळा धागा त्याला मोबाइलवर वाचून दाखवला. भाच्याने लिहिलेल्या चार ओळी त्याने मोबाइल हातात घेऊन स्वतः वाचल्या. काही बोलला नाही. रविवारी अडीच वाजता बॅटलशिप बुटाच्या खोक्यात घालून हजर.

नियम घेतले ते असे: ठाण्याच्या ताईंचा तोफांचा, वरवड्याच्या दादांच्या चार बाजू, आणि डेकवरच्या साहेबांचं सगळं. चढते गुण नाही घेतले. हल्ल्याआधीचा मनोधैर्याचा फासा काढून टाकला.

भाच्याने तीच सहा स्क्वॉड्रन आणली, मीच सांगितलं होतं तसं. पहिल्या हल्ल्याला चार बाजूंनी चार, उरलेल्या दोन बाहेर ताटकळत. अकरा चौकोन गेले. दुसऱ्यांदा त्याने ताज्या दोन आत घातल्या आणि पिछाडीची सोंगटी बदलली नाही, तिथे त्याला निम्म्याच तोफा लागत होत्या. आणखी तेरा गेले. नौका चाळीसवरून सोळावर. इथपर्यंत मित्राचा चेहरा मागच्या तीन रविवारांसारखाच होता.

मग पोरगं उतरायला गेलं. चार सोंगट्या एकाच वाहक नौकेवर, कारण ती जवळ होती. मित्राने बॅटलशिप वळवली, पळाला नाही, सरळ तिच्यावर गेला आणि मोठ्या तोफांचे पाच फासे टाकले. दुप्पट नुकसान. वाहक नौका डेकवरच्या चार सोंगट्यांसकट गेली. मी त्या वेळी चहा ओतत होतो, बशीत सांडला.

डाव तरीही संपला नाही, आणि मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. भाच्याकडे दोन स्क्वॉड्रन उरल्या, एक पाचांची, एक दोघांची. दोघांच्या स्क्वॉड्रनला उडायला एक किंवा दोन हवे होते. पहिल्यांदा पाच आला, थांबली. पुढच्या चालीला एक आला. तिने पिछाडीने येऊन दोन चौकोन घेतले, मग दारूगोळा संपल्यावर दोन रिकामे हल्ले केले. दोन्ही वेळी मित्राने फासा गमावण्यापेक्षा वळणं पत्करलं आणि दुसऱ्या वळणात माझ्या क्रूझरच्या माऱ्यात आला. तेव्हा कोथरूडच्या दादा, आरोळी झाली. खालचे भाडेकरू वर बघायला आले.

बॅटलशिप नऊ चौकोनांवर टिकली, मित्र जिंकला. भाचा हरला आणि लगेच वही काढून बसला. पुढच्या वेळी चार स्क्वॉड्रन, एक वाहक नौका कमी आणि तिच्या गुणांत दोन विनाशिका, असं त्याचं चाललंय.

दोन गोष्टी अजून जमल्या नाहीत. फायटर विरुद्ध फायटर भिडले की दोन्ही सोंगट्या अडकून पडतात आणि ते फार रटाळ होतं. आणि डेकवर झिजलेल्या दोन स्क्वॉड्रन एकत्र करू द्याव्यात का, यावर आमच्यात भांडण झालं. भाचा म्हणतो पाच आणि दोनाचे सहा करावे, एक राखीव. मित्र म्हणतो वेगवेगळ्या पथकांची माणसं एका दिवसात एकत्र लढायला लागत नाहीत. डेकवरच्या साहेबांनी यावर काही सांगितलं तर येत्या रविवारच्या आत निकाल लावता येईल.